माळढोकाची दवंडी

“अंडं हिच्या पोटात हाय! मोहरीचं पाणी पाजा, आता बाहेर येते!” असं ओरडत गावच्या लोकांनी पारधीण ठाण्याच्या ओट्यावर आणून टाकली. तिचं डोकं डाव्या कानामागे फुटलं होतं. रक्त मानेवरून चोळीत उतरलं होतं आणि त्यावर माश्या बसत होत्या. हात तिच्याच फाशांच्या दोरीने बांधलेले होते. ती ओरडत नव्हती. ज्याला फार लागलेलं असतं तो ओरडत नाही.

जमादार मला म्हणाले, “बाई, हिला आत घ्या. झडतीचं नाव करा. नाहीतर हे लोक इथंच जीव घेतील.”

मी तिच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत कोठडीत नेलं. मागून एक जण म्हणाला, “पारध्याच्या पोटात गेलं ते सरकारच्या हाती काय लागते?” लोक हसले. त्यातल्या दोघांच्या काठ्यांना रक्त होतं.

ओट्यावरचं रक्त नंतर मीच राख टाकून पुसलं. त्यामुळे असेल, इतक्या वर्षांनीही त्या प्रकरणातलं काही विसरायला झालेलं नाही.

मी अधिकारी नव्हते. शाळा माझी चौथीपर्यंत. नवरा पोलिसात शिपाई होता, तो तापाने गेला. बायकांची झडती पुरुषाने घ्यायची नाही असा नियम, म्हणून त्या वेळच्या साहेबांनी मला ठाण्यात ठेवलं. बाई आरोपी आली की झडती घ्यायची, तिला भाकर-पाणी द्यायचं, कोठडीबाहेर बसायचं. एरवी झाडलोट आणि पाणी. हातपाय चालेनासे होईपर्यंत मी हेच केलं. इथे कोणाचं नाव लिहीत नाही. त्या लोकांची नातवंडं अजून त्याच गावात नांदत आहेत.

आमचं ठाणं देऊळगाव राजाच्या पलीकडे, अगदी हद्दीवर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपुराला निघायचा, बुलढाण्याला यायचा आणि तिथून टपालाने आमच्याकडे. नाल्यापलीकडे निजामाचं राज्य, त्याला सगळे मोगलाई म्हणत. चोराने नाला ओलांडला की आमचे शिपाई अलीकडच्या काठावर उभे राहून शिव्या देत. यापलीकडे काही करता येत नसे.

त्या साली भादव्याच्या तोंडावर असाच एक हुकूम आला. माळढोक पक्षी कमी होत चालला आहे, अंडी घालायच्या दिवसांत त्याला कोणी मारू नये, धरू नये, अंडी उचलू नयेत, आणि ही गोष्ट रयतेला नीट समजावून सांगावी, असा. आमचे ठाणेदार तरुण होते, नव्यानेच आले होते आणि हुकूम आला की मनापासून पाळायचे. त्यांनी विचारपूस केली. एका धनगराने सांगितलं की म्हसोबाच्या माळावर एक मादी अंड्यावर बसली आहे. साहेबांनी गावच्या कोतवालाला बोलावलं.

आता कोतवाल म्हणजे गावचा हरकाम्या. टपाल नेणं, पाटलाचा निरोप पोचवणं, ठाण्यात वर्दी देणं, आणि दवंडी. आमचा कोतवाल उंच, किडकिडीत, पण आवाज असा की डफडं वाजलं नाही तरी चाललं असतं.

तो म्हणाला, “साहेब, माळ तर लंबाचवडा हाय. जाऊ नका म्हनलं तर लोकाईले समजलं पायजे ना, कुठं जाऊ नाई ते.”

“मग जागा सांग,” साहेब म्हणाले. “स्पष्ट सांग.”

त्याने स्पष्ट सांगितलं. बाजाराच्या दिवशी गावभर डफडं वाजवत फिरला. “ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! म्हसोबाच्या माळावर, जोडबाभळीच्या खालच्या अंगाले, माळढोक अंड्यावर बसला हाय! तिकडं कोणी ढोरं नेऊ नाई, कोणी जाऊ नाई! अंड्याले हात लावंल त्याले सजा होईल होऽ!”

तोवर गावाने त्या पाखराकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. गुराख्यांना ते माहीत होतं, पारध्यांना माहीत होतं. बाकीच्यांना काय त्याचं? दवंडी झाली आणि विहिरीवर दुसरा विषय उरला नाही.

“एका पाखरासाठी सरकार डफडं वाजवते? काही तरी हाय त्याच्यात.”

“अंड्यात म्हणे पारा असते.”

“मंग तुह्या सासूले खाऊ घाल. तिच्या बोलण्याले थोडं वजन येईल.”

“पारा नाई वो, औषध असते त्याचं. साहेबलोक इलायतेले नेतात.”

दुसऱ्या दिवसापासून माळाकडे रीघ लागली. म्हातारे गेले, नव्या सुना गेल्या, शाळेचे गुरुजी वर्ग घेऊन गेले. सजा नको म्हणून सगळे लांबून बघत. मीही गेले. तसं पाखरू मी आधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही फारसं पाहिलं नाही, म्हणून सांगते. उभं राहिलं की माणसाच्या कमरेला लागेल एवढं. मान लांब आणि फिकी, डोक्यावर काळी टोपी. पाठ गवतासारखी, बसलं की दिसेना. चालणं असं की कचेरीत उशीर झाला तरी घाई न करणारा मोठा कारकून. आणि अंडं एकच. ना घरटं, ना काडी, उघड्या जमिनीवर ठेवलेलं. एवढं मोठं पाखरू आणि बेत हा असा! मला याचं फार नवल वाटलं. कोंबडीसुद्धा आडोसा बघते.

आम्ही बघत होतो तोवर ते उठलं आणि चालत दूर गेलं. ते गेल्यावर लोक अंडं बघायला पुढे सरकले. हात कोणी लावला नाही. कायदा कोणी मोडला नाही. सगळ्यांनी नुसतं बघितलं. पाखरू लांब उन्हात मान वर करून उभं होतं. एक टोळकं परत फिरलं की दुसरं येत होतं.

आणि एका सकाळी अंडं नाहीसं झालं.

गावाला पाखराची माया नव्हती. पण सरकारने दवंडी दिलेली वस्तू गेली, आता सगळ्या गावावर दंड बसेल, अशी बोलवा उठली. पाटलाच्या सालगड्याने ठाण्यात येऊन खबर दिली की पहाटे पारधीण फासे घेऊन जोडबाभळीकडे जाताना आपण पाहिली. खबर ठाण्यात पोचण्याआधीच गावात पोचली होती. शिपाई निघेपर्यंत लोकांनी तिला गाठलं. पुढचं मी वर लिहिलं आहे.

झडतीत तिच्या लुगड्याच्या ओच्यात घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे मिळाले, मेलेले लावे मिळाले, एक भाकरीचा तुकडा मिळाला. अंडं नाही, अंड्याचं कवचही नाही. मी चोळी सोडून पाहिली, केस सोडून पाहिले. जखम धुतली तेव्हा आतलं हाड दिसलं. मी हळद दाबून कपडा बांधला.

साहेब कोठडीच्या दाराशी खुर्ची घेऊन बसले. मी आत तिला धरून बसले, कारण ती एका अंगाला कलत होती.

“अंडं कुठं आहे?”

“नाई घेतलं, मायबाप.”

“माळावर कशाला गेली होतीस?”

“लावे धराया.”

“माळढोक कधी धरलास का?”

जमादारांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आता खोटं ऐका, असा त्याचा अर्थ. ती म्हणाली, “धरला ना. औंदा एक. मागं बी धरले. मोगलाईत इकले, बंगल्यावर.”

साहेबांचा टाक थांबला. अंड्यासाठी जेवढी सजा तेवढीच, नाही तर जास्तच, पाखरू धरण्यासाठी होती, आणि हे तिने न मारता कबूल केलं होतं.

“मग अंडं का नाही कबूल करत?”

“नाई घेतलं तं काय सांगू? पाखरू त्याच्यावर बसून इतके दिस झाले. आत पिल्लू झालं असंल. त्याचं कालवण होते का?”

साहेब बाहेर आले. मी म्हटलं, “साहेब, बैल चोरला म्हणून सांगणारा माणूस वेसण लपवत नाही. हिने घेतलेलं नाही.”

जमादार म्हणाले, “बाई, तुम्हाला माहीत नाही. मोठं सांगून लहान पचवायचं, ही यांची जुनी तऱ्हा.”

तसंही आरोपी करतात, ते मी पाहिलं होतं. मी परत आत जाऊन तिला धरून बसले.

दुपारनंतर तिला ताप भरला. ती मला ओळखेना, आपल्या बोलीत कोणाशी तरी बोलू लागली. दवाखाना देऊळगाव राजाला. बैलगाडीशिवाय सोय नाही. आणि ठाण्यासमोर निम्मं गाव बसलेलं. निम्मे शिपाई गस्तीवर बाहेर होते. गाडी आणायची गोष्ट काढली तेव्हा लोकांनी फाटक धरलं. “आधी अंडं, मंग गाडी,” म्हणाले. “तुम्ही तिले दवाखान्यातून सोडान, दंड आम्ही भराव काय?” म्हणजे अंडं सापडल्याशिवाय गाडी फाटकातून जाणार नव्हती, आणि गाडी गेली नाही तर बाई राहणार नव्हती.

ठाण्यात कोणी बाई आरोपी आली की सगळं गाव बघायला येतं. काही ना काही निमित्त काढून कोठडीत डोकावतं. पोलिसाने अशा वेळी या बघणाऱ्यांकडे बघावं. त्या दिवशी कोण आलं नाही? पाटील आले, गुरुजी आले, पाटलाची म्हातारी काठी टेकत आली. कोतवाल हजेरीला आला आणि कोठडीकडे पाठ करून उभा राहिला. एरवी कोठडीत मांजर शिरलं तरी वाकून बघणारा माणूस. मी ते पाहिलं, पण त्याचा काही अर्थ लावला नाही. पाटलाने त्याला सकाळपासून वाड्यावाड्यांवर ‘चोर सापडली’ म्हणून दवंडी द्यायला पाठवलं होतं. दमला असेल, असं मला वाटलं.

पारधिणीच्या पोटात काही जात नव्हतं. दुधात कच्चं अंडं फेटून घोट घोट पाजावं म्हणून मी उठले. जवळ कोंबड्या कोतवालाच्याच घरी. भिंतीला भिंत म्हणावी एवढं जवळ.

कोतवालीण दारातच उभी राहिली. “काय पायजे वो बाई?”

“एक अंडं दे.”

“अंडी नाईत.”

“इतक्या कोंबड्या उकिरडा उकरून राह्यल्या अन् अंडं नाई?”

“कोंबडी बसवली ना. होती तेवढी तिच्याखाली घातली.”

आता कोंबड्या पाळणाऱ्या घरांत एक रीत आहे. आभाळ गरजायच्या दिवसांत कोंबडी अंड्यावर बसवत नाहीत. गडगडाटाने अंडी नासतात अशी समजूत आहे. खरी-खोटी मला माहीत नाही, पण माझ्या आजीपासून कोणी ती मोडलेली मी पाहिली नाही. भादवा चालू होता आणि रोज दुपारून आभाळ फाटल्यासारखं गरजत होतं.

मी म्हटलं, “भादव्यात बसवली? सासूनं काही शिकवलं का नाई तुले?”

“खुडूक झाली, मंग काय करू?”

“पाण्यात बुडवायची. गाव काय करते?”

ती दारातून हलेना. मी म्हटलं, “दाखव.”

“बसेल कोंबडी परक्यानं पाहू नाई, बाई.”

“मी परकी नाई. मी पोलीस आहे. बाजूला हो.”

चुलीमागच्या कोपऱ्यात टोपलं होतं. राख, राखेत लोखंडी खिळा, कोळसा, सगळं रीतीप्रमाणे. वर तांबडी कोंबडी. मी हात घातला तेव्हा तिने मनगटावर चोच मारून रक्त काढलं. तिच्याखाली एकच अंडं. कोंबडीच्या अंड्याहून बरंच मोठं, मळकट हिरवं, त्यावर तंबाखू थुंकल्यासारखे डाग. गरम होतं.

कोतवालीण खाली बसली. “आता त्याईले फाशी देता का?”

“अंड्यासाठी कोणी फाशी देत नाही. पण तिकडं बाई मरून राह्यली.”

“मालूम हाय.”

“मालूम हाय अन् गप्प?”

“मीच गप राहा म्हनलं. ते सांगाले निघाले होते. म्या दाराले आडवी झाली. तुम्ही काय केलं असतं?”

मी काय केलं असतं ते सांगत बसायला मला वेळ नव्हता.

कोतवाल मागच्या दाराशी उभा होता. तो स्वतःच पुढे आला. “बाई, म्या चोरलं नाई. लोक सरकेच ना तिथून. पाखरू दूर उभं, वर घारी फिरून राह्यल्या, अंडं उन्हात. रोज पाहून राह्यलो होतो मी. दवंडी माही, म्हणून लोक आले. शेवटी अंधारात जाऊन फेट्यात उचललं. म्हनलं लोकाईची हौस फिटली का नेऊन ठेवू. हौस फिटेच ना.”

“तिला मारत होते तेव्हा तू कुठं होतास?”

“तिथंच.”

“अन् तोंड?”

“बाई, अंड्याले हात लावंल त्याले सजा, हे कोणाच्या तोंडानं सांगितलं? त्याच तोंडानं कसं म्हणू का हात म्याच लावला? मंग पाटलानं दवंडी द्याले लावली, चोर सापडली म्हणून. ते बी म्याच देली.” असं म्हणून त्याने आपल्याच थोबाडीत मारून घेतली. मी त्याचा हात धरला. म्हटलं, “हे नंतर कर. टोपलं उचल. कोंबडीसकट.”

डोक्यावर टोपलं, टोपल्यात कोंबडी, असा तो ठाण्यात आला. जमादार म्हणाले, “काय बे, आरोपी कोण? कोंबडी?” फाटकातले लोक खो खो हसले. मी कोंबडी उचलली आणि हसणं थांबलं.

साहेबांनी अंडं पाहिलं. मग फाटकाशी गेले आणि लोकांना म्हणाले, “अंडं मिळालं. दंड कोणावर नाही. वाट सोडा.” ते कुठे मिळालं हे कळायला कोणाला वेळ लागला नाही, आणि ज्या काठ्या पारधिणीवर चालल्या होत्या त्या कोतवालाकडे वळल्या. जमादारांनी त्याला मानगुटीला धरून कोठडीत ढकललं. त्याच कोठडीतून आम्ही तिला बाहेर काढलं. दारात दोघं समोरासमोर आली. त्याने तिचे पाय धरले. ती शुद्धीवर नव्हती, तिला कळलं नाही.

ज्याच्या काठीने तिचं डोकं फुटलं होतं त्याचेच बैल साहेबांनी गाडीला जुंपायला लावले. तो कुरकुरला. बैल चांगले होते, गाडी लवकर पोचली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन गेले. तिला आणि मला पाहून दवाखान्याच्या डॉक्टरांनी आधी मलाच विचारलं की हिला कोणी मारलं. मी म्हटलं, गावाने.

इकडे मुद्देमालाचा घोळ झाला. मुद्देमाल कपड्यात बांधायचा, लाखेचा शिक्का मारायचा, मालखान्यात ठेवायचा, हा नियम. जमादार अंडं बांधायला निघाले होते. साहेबांनी अडवलं आणि कोंबडीही जप्त दाखवली. पंचनाम्यात लिहिलं, ‘अंडे एक, गरम. कोंबडी एक, त्यावर बसलेली.’ मालखान्यात जप्त केलेल्या तलवारी, हातभट्टीची मडकी आणि त्यात ही कोंबडी. शिपाई म्हणत, “नोकरी असावी तर अशी. बसून खायचं. कोंबडीबाईला बिल्ला द्या आता.”

आभाळ गरजत राहिलं आणि अंडं नासलं नाही. पिल्लू निघालं. पिवळसर, पट्ट्यापट्ट्यांचं, पाय अंगापेक्षा मोठे. कोंबडी त्याच्याकडे एका डोळ्याने बघायची, मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने बघायची. दाणे ते खाईना. मग कोणीतरी नाकतोडा टाकला, तो गिळला. तेव्हापासून ठाण्यातले शिपाई काठ्या भिंतीला लावून मैदानात नाकतोडे धरत फिरत. गावाला बघायचं होतंच. साहेबांनी फाटक लावून घेतलं. दवंडी दिली नाही.

पुढच्या हंगामात त्यांनी वेगळं केलं. स्वतः चावडीवर बसून गुराख्यांना आणि धनगरांना बोलावलं. म्हणाले, पाखरू बसलेलं दिसलं तर ढोरं लांबून न्या आणि मला सोडून कोणाला सांगू नका. पारध्यांच्या पालावरही गेले. तिथे त्यांना बसायला कोणी घोंगडं दिलं नाही, पण ऐकून घेतलं. एक-दोन हंगाम माळावर पाखरं दिसली. पुढे माळ नांगरले गेले, मग राहिलं काय?

कोर्टाने कोतवालाला समज देऊन सोडलं, पण कोतवाली गेली. बाईला मारणाऱ्यांवर खटला झाला नाही. तेव्हा होत नसे. तिने पाखरं धरल्याचं जे सांगितलं ते साहेबांनी कागदावर घेतलं नाही.

हल्ली शिकलेली पोरं-पोरी पाखरं वाचवा म्हणून गावोगाव फिरतात. माझ्याकडे आली होती. त्यांच्या फलकावर पाखराचं चित्र होतं आणि खाली नकाशा, पाखरू कुठे कुठे आहे त्याच्या खुणा करून. मी म्हटलं, चित्र राहू द्या, नकाशा फाडा. एक मुलगी म्हणाली, “आजी, लोकांना माहिती नको का द्यायला?” द्यायला हवी. न सांगता कोणाला काय कळणार? पण माणसाला जागं केलं की तो आधी उठून बघायला जातो. बघण्यात पाप नाही, म्हणून त्याला लाज नाही, आणि ते थांबवायला कलमही नाही. दुसरं असं की वस्तू सरकारची झाली की ती गेल्यावर लोक चोर शोधतात, आणि चोर शोधताना जो रोज चोर म्हणून ओळखीचा आहे त्यालाच धरतात. पाखराबद्दल सांगायचं तर ज्याच्या वाटेवर ते आहे त्याला घरी जाऊन, समोर बसून सांगा. पारध्यालाही सांगा. आधी त्याला सांगा. असं सांगायला वेळ लागतो. दवंडीला लागत नाही, म्हणून सगळे दवंडी देतात. ती मुलगी हे लिहून घेत होती. पटलं की नाही ते मला कळलं नाही.

पिल्लू पंख फुटायच्या आत मालखान्यात मेलं. पारधीण जगली. डाव्या कानाने तिला पुढे ऐकू आलं नाही.